समितीच्या खोलीत काय घडायला हवे? कामाच्या ठिकाणी झालेल्या छळाची निःपक्ष चौकशी आणि तिचा अहवाल

१२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोवा विद्यापीठातील एका जुन्या प्रकरणाचा निकाल दिला. २००९ साली तिथल्या विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखांविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या होत्या. विद्यापीठाच्या समितीने चौकशी करून आरोप सिद्ध झाल्याचा अहवाल दिला, विभागप्रमुखांना बडतर्फ करण्यात आले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०१२ साली ती कारवाई कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ती रद्द केली आणि चौकशी जिथे बिघडली होती तिथून पुन्हा सुरू करण्यासाठी प्रकरण समितीकडे परत पाठवले. आरोप खोटे होते, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. समितीने लागोपाठ बैठका लावल्या, प्रकृतीच्या कारणावरून मागितलेल्या मुदतीचा नीट विचार केला नाही, बचावाच्या तयारीला पुरेसा वेळ दिला नाही आणि चौकशी एकतर्फी उरकली, हा न्यायालयाचा मुख्य आक्षेप होता.

‘तांत्रिक मुद्द्यावर सुटका झाली’ अशी अशा निकालाची बातमी ऐकून अनेकांना चीड येते आणि ती समजण्यासारखीही आहे. पण या घाईची सर्वांत मोठी किंमत तक्रारदार विद्यार्थिनींना मोजावी लागली. महाविद्यालयीन वयात धीर करून केलेल्या तक्रारीचा निकाल चौदा वर्षांनी पुन्हा अधांतरी झाला. ज्याच्यावर आरोप आहे त्याला न्याय्य संधी दिली की तक्रारदाराचे काहीतरी हिरावले जाते, हा समज कार्यालयांमध्ये खोलवर रुजलेला आहे. माझ्या मते तो या विषयातला सर्वांत घातक समज आहे, कारण नीट न झालेली चौकशी तक्रारदाराच्या हातात टिकाऊ असे काहीच ठेवत नाही.

हा विषय आता केवळ मनुष्यबळ विभागापुरता राहिलेला नाही. वर्षभरात लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती नव्वद दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहिल्या, हे आकडे कंपन्यांनी संचालक मंडळाच्या वार्षिक अहवालात द्यावेत, असा नियम १४ जुलै २०२५ पासून लागू झाला आहे. आकडे बाहेर येऊ लागले की ‘निकाली निघाल्या म्हणजे नेमके काय झाले?’ हा प्रश्नही विचारला जाणारच.

समिती कोणाची आणि तिचे वजन किती?

राजस्थानातील भटेरी गावात बालविवाह रोखण्याचे काम करणाऱ्या भंवरी देवी यांच्यावर १९९२ साली सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटनांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती असावी, असे सांगितले. समित्या कागदावर आल्या, पण त्यांचा अहवाल म्हणजे नुसती प्राथमिक विचारपूस आहे असे मानून अनेक कार्यालये पुन्हा वेगळी खातेनिहाय चौकशी लावत आणि तक्रारदाराला तेच सगळे दुसऱ्यांदा सांगावे लागे. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी न्यायालयाकडे मांडलेल्या प्रकरणामुळे हा घोळ मिटला: समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानावा, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे संसदेने कायदा केला आणि तो ९ डिसेंबर २०१३ पासून देशभर लागू झाला.

दहा किंवा अधिक लोक काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी या कायद्यानुसार अंतर्गत समिती असते. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील महिला असते, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांमधून घेतले जातात आणि एक सदस्य बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेतून किंवा या विषयाची जाण असलेल्या व्यक्तींमधून येतो. समितीत निम्म्याहून कमी महिला असून चालत नाही. दहापेक्षा कमी लोक असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे असते. घरकाम करणाऱ्या बाईंनाही हाच मार्ग आहे आणि हे त्यांच्यापैकी फार थोड्या जणींना माहीत असते.

साक्षीदाराला बोलावणे आणि कागदपत्रे मागवणे यांबाबत दिवाणी न्यायालयाला असलेले अधिकार कायद्याने या समितीला दिले आहेत. एवढे अधिकार असलेली समिती सामोपचाराने विषय मिटवणारी पंचायत नसते आणि फौजदारी न्यायालयही नसते. ‘कामाच्या ठिकाणी नेमके काय घडले आणि ते नियमभंग ठरते का’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर तिने पुराव्यावरून द्यायचे असते. त्या उत्तरावर एखाद्याची नोकरी जाऊ शकते, म्हणून ते नैसर्गिक न्यायाने द्यावे लागते. नैसर्गिक न्याय म्हणजे दोन साध्या अटी आहेत: निर्णय देणारा स्वतः त्या प्रकरणात गुंतलेला नसावा आणि ज्याच्याविरुद्ध निर्णय जाऊ शकतो त्याला आपली बाजू मांडण्याची खरी संधी मिळालेली असावी.

पहिल्या अटीची तपासणी चौकशी सुरू होण्याआधीच व्हायला हवी. समितीतील एखादा सदस्य दोघांपैकी कोणाच्या हाताखाली काम करत असेल, कोणाचा नातलग असेल किंवा घटनेचा साक्षीदार असेल, तर त्याने या प्रकरणापुरते बाजूला व्हावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. नंतर आक्षेप आल्यावर दिलेले स्पष्टीकरण कोणालाच पटत नाही.

तक्रार हाती आल्यावर

पुढचे सगळे समजायला सोपे जावे म्हणून एक काल्पनिक प्रकरण घेऊ. चाकणच्या एका कारखान्यातील गुणवत्ता विभागात काम करणारी अभियंता तक्रार करते की, जानेवारीत विभागाच्या बैठकीत वरिष्ठांनी तिच्या कपड्यांवरून अश्लील शेरा मारला; १४ मार्चला कामाची पाळी (शिफ्ट) संपल्यावर नमुने तपासण्याच्या निमित्ताने त्यांनी तिला तपासणी कक्षात थांबवून घेतले आणि खांद्यावर व पाठीवर हात फिरवला; तिने हात झटकल्यावर ‘तुझे वार्षिक मूल्यमापन माझ्याच हातात आहे’ असे ते म्हणाले; आणि त्याच रात्री ‘रागावलीस का?’ असा संदेश त्यांनी पाठवला.

तक्रार लेखी हवी आणि शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत हवी. समितीला कारणे नोंदवून आणखी तीन महिने वाढवता येतात. तक्रारदाराला लिहिणे जमत नसेल, तर लिहायला मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे. तक्रार मिळाल्यावर सात कामकाजी दिवसांत तिची प्रत समोरच्या व्यक्तीला द्यावी लागते आणि त्या व्यक्तीने दहा कामकाजी दिवसांत लेखी उत्तर, कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे द्यायची असतात. प्रत देणे याचा अर्थ पूर्ण प्रत देणे असा आहे. ‘तुमच्या वर्तनाबद्दल तक्रार आली आहे, खुलासा करा’ असे मोघम पत्र पाठवणारी कार्यालये मी पाहिली आहेत. कशाचा खुलासा करायचा हेच त्या पत्रातून कळत नाही आणि चौकशीचा पाया तिथेच ठिसूळ होतो.

यानंतर समितीने करायचे आणि बहुतेक वेळा राहून जाणारे काम म्हणजे आरोपांची मांडणी. तक्रार भावनेच्या भरात लिहिलेली असते आणि ती तशीच असणार. समितीने तिच्यातून तपासता येतील असे सुटे मुद्दे काढून क्रमांक द्यावेत. वरच्या प्रकरणात चार मुद्दे होतात: बैठकीतला शेरा, तपासणी कक्षातला स्पर्श, मूल्यमापनाची धमकी आणि रात्रीचा संदेश. साक्षी, पुरावे आणि शेवटचा निष्कर्ष, सगळे या चार क्रमांकांना बांधलेले राहिले पाहिजे. तसे झाले नाही तर चौकशी ‘ते गृहस्थ माणूस म्हणून कसे आहेत’ या चर्चेत भरकटते आणि अहवालात चारित्र्याची प्रमाणपत्रे गोळा होतात.

चौकशी चालू असताना तक्रारदाराच्या लेखी विनंतीवरून अंतरिम दिलासा देण्याची शिफारस समिती करू शकते: दोघांपैकी एकाची बदली, तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, किंवा तिचा गोपनीय अहवाल लिहिण्याचे काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवणे. आपल्या काल्पनिक प्रकरणात मूल्यमापनाचीच धमकी असल्याने शेवटचा उपाय पहिल्याच आठवड्यात व्हायला हवा. हा दिलासा म्हणजे दोषारोप नव्हे, हे समोरच्या व्यक्तीला पत्रातच स्पष्ट लिहून कळवावे.

जबाब घेताना

चौकशीची खरी परीक्षा प्रश्नांत होते. ‘एवढ्या उशिरापर्यंत तुम्ही तिथे का थांबलात?’, ‘आधी कधी बोलला नाहीत, मग आताच का?’ किंवा ‘ते सहज बोलले असतील, असे नाही का वाटत?’ या प्रश्नांतून माहिती काहीच मिळत नाही. प्रश्न विचारणाऱ्याने मनाशी उत्तर आधीच ठरवले आहे, एवढे मात्र ऐकणाऱ्याला कळते. तसेच समोरच्या व्यक्तीला ‘तुम्ही हात ठेवलात तेव्हा तुमचा हेतू काय होता?’ असे विचारणे म्हणजे जे सिद्ध व्हायचे आहे ते गृहीत धरणे. दोन्ही बाजूंना पहिला प्रश्न मोकळा असावा: ‘१४ मार्चच्या संध्याकाळी काय घडले ते तुमच्या शब्दांत सुरुवातीपासून सांगा.’ मध्ये न अडवता ऐकून घ्यावे आणि मग तपशिलाकडे वळावे. खोलीत आणखी कोण होते, दिवे चालू होते का, दार कसे होते, तुम्ही बाहेर पडल्यावर प्रथम कोणाशी बोललात, असे प्रश्न निरर्थक वाटतात. पण बाहेरून पडताळता येतील असे धागेदोरे त्यांतूनच हाती येतात.

छळ सहन केलेल्या व्यक्तीला प्रसंग क्रमाने आठवेलच असे नाही. तारीख चुकते, एखादी गोष्ट दुसऱ्या बैठकीत आठवते, बोलता बोलता ती व्यक्ती गप्प होते. यातले काहीच खोटेपणाचा पुरावा नाही. रडणे हा खरेपणाचा पुरावा नाही आणि शांतपणे बोलणे हाही खोटेपणाचा पुरावा नाही. हे समितीने दोन्ही पक्षांबाबत सारखेच लक्षात ठेवावे, कारण आरोप झालेली व्यक्तीही घाबरलेली असते आणि घाबरलेला माणूस अडखळतो.

जबाब शक्यतो बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहावा. ‘त्यांनी असभ्य वर्तन केले’ हा लिहिणाऱ्याचा निष्कर्ष झाला. ‘त्यांनी उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि पाठीवरून खाली नेला’ हा जबाब आहे. शब्द कितीही ओंगळ असले तरी ते जसेच्या तसे नोंदवावेत, कारण ते सौम्य केले की आरोपच सौम्य होतो. जबाब वाचून दाखवावा, दुरुस्त्या करू द्याव्यात, प्रत्येक पानावर सही घ्यावी आणि प्रत द्यावी. बैठकीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर असावे लागतात. दोघांनीच जबाब उरकून इतरांच्या सह्या नंतर घेणे हा प्रकार सर्रास चालतो आणि वरच्या न्यायालयात तो पहिल्याच सुनावणीत उघडा पडतो.

उलटतपासणी होऊ द्यायची का?

तक्रारदाराला आरोपीच्या समोर बसवून त्याच्या प्रश्नांना तोंड द्यायला लावणे क्रूरपणाचे आहे, असे अनेक सदस्यांना वाटते आणि म्हणून ते उलटतपासणीच नाकारतात. पण साक्ष तपासण्याची संधीच मिळाली नाही, हा आक्षेप न्यायालये गांभीर्याने घेतात. यातून वाट आहे: समोरच्या व्यक्तीने प्रश्न लिहून समितीकडे द्यावेत, समितीने ते तक्रारदाराला विचारावेत आणि उत्तरे नोंदवून त्यांची प्रत त्याला द्यावी. चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे किंवा विषयाशी संबंध नसलेले प्रश्न समिती नाकारू शकते, मात्र कोणता प्रश्न का नाकारला हे लिहून ठेवावे. हीच सोय तक्रारदारालाही द्यायची असते.

नैसर्गिक न्यायाचा साचा प्रत्येक ठिकाणी एकच नसतो, हे न्यायालयाने फार पूर्वी मान्य केले आहे. रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील मुलींच्या वसतिगृहात घुसलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रकरणात मुलींचे जबाब त्या विद्यार्थ्यांच्या अपरोक्ष घेतले गेले होते. तरीही आरोप कळवून त्यांचे म्हणणे ऐकले असल्याने, १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई योग्य ठरवली. म्हणजे पद्धतीत लवचीकता चालते, पण समोरच्याला आपल्याविरुद्ध काय पुरावा आहे हेच माहीत नाही, अशी वेळ येता कामा नये.

वकील आणण्याची मुभा या चौकशीत दोघांनाही नाही. अनुपस्थितीचा प्रश्नही नियमांनी सोडवलेला आहे: पुरेसे कारण न देता लागोपाठ तीन सुनावण्यांना कोणी आले नाही, तर पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन मगच समितीला एकतर्फी निर्णय देता येतो किंवा तक्रार बंद करता येते.

‘कोणी पाहिलेच नाही’ मग सिद्ध कसे होणार?

हा आक्षेप सर्वाधिक वेळा घेतला जातो. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. समितीसमोरची कसोटी वेगळी आहे: उपलब्ध पुरावा पाहता, घटना घडली असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा अधिक आहे का? भाजीवाल्याच्या तराजूत एक पारडे थोडेसे जरी खाली झुकले तरी वजन ठरते, तसेच इथे आहे. मात्र दोन्ही पारड्यांत काय काय टाकले हे समितीने दाखवले पाहिजे.

आता चाकणचे प्रकरण पाहू. वरिष्ठांचे उत्तर असे आहे की, १४ मार्चला ते सव्वासहा वाजता घरी गेले होते आणि रात्रीचा संदेश एका नाकारलेल्या मालाच्या खेपेवरून झालेल्या वादाबद्दल होता. तपासणी कक्षात दोघांशिवाय कोणी नव्हते. समिती फाटकावरची नोंदवही मागवते, तर तिथे वरिष्ठांची गाडी सात वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडल्याची नोंद सापडते. खेपेवरून झालेल्या वादाचे ईमेल तपासल्यावर ते १८ मार्चपासून सुरू झाले असे दिसते, म्हणजे संदेशानंतर चार दिवसांनी. एक सहकारी सांगते की, दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये तक्रारदाराने तिला हात फिरवल्याचे आणि मूल्यमापनाबद्दलच्या वाक्याचे सांगितले होते आणि त्या वेळी तक्रार करण्याचा विषयही निघाला नव्हता.

यातला एकही पुरावा खोलीच्या आतला नाही. तरीही ते मिळून एका बाजूचे कथन बळकट करतात आणि दुसऱ्या बाजूच्या दोन महत्त्वाच्या विधानांना खोटे पाडतात. दुसरा आणि तिसरा मुद्दा शक्यतेच्या कसोटीवर सिद्ध झाला, असे समिती म्हणू शकते. चौथ्या मुद्द्यातला संदेश पाठवला होता यावर वादच नाही. एकटा वाचला तर त्यात लैंगिक असे काही नाही, पण त्या संध्याकाळच्या घटनेशी जोडून त्याचा अर्थ लागतो. पहिल्या मुद्द्याचे मात्र वेगळे आहे. बैठकीला हजर असलेल्या ज्या दोघांची नावे तक्रारदाराने दिली, त्यांनी असा शेरा ऐकल्याचे आठवत नाही असे सांगितले. तो मुद्दा ‘सिद्ध झाला नाही’ असेच लिहावे लागेल. तक्रारदारावर आपला एकूण विश्वास बसला आहे, म्हणून हाही आरोप तिच्या पारड्यात ढकलण्याचा मोह होतो; तो टाळला की उरलेल्या तीन निष्कर्षांचे वजन वाढते.

प्रत्यक्ष स्पर्शच झाला पाहिजे असेही नाही. अपॅरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलच्या प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शारीरिक संपर्क सिद्ध झाला नाही म्हणून छळ झाला नाही असे होत नाही आणि अशा प्रकरणांत शब्दांच्या तांत्रिक अर्थात न अडकता एकूण परिस्थिती पाहावी. कायद्याच्या व्याख्येत लैंगिक स्वरूपाचे नकोसे बोलणे, हावभाव, अश्लील चित्रे दाखवणे, शरीरसुखाची मागणी हे सगळे येते. महत्त्व ‘नकोसे’ या शब्दाला आहे. ‘माझा तसा हेतू नव्हता’ हे उत्तर शिक्षा ठरवताना विचारात घेता येईल, पण ते वर्तन नकोसे होते का या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे.

अहवाल कसा लिहावा

अहवाल वाचणारे तीन प्रकारचे लोक असतात: ज्याला कारवाई करायची आहे तो मालक, ज्यांच्या आयुष्यावर तो परिणाम करणार आहे ते दोन पक्ष आणि कदाचित कित्येक वर्षांनी तो उघडणारे अपिलातले न्यायाधीश. यांपैकी कोणीही चौकशीच्या खोलीत बसलेले नव्हते किंवा समितीचे मन जाणत नाही. म्हणून निष्कर्षापर्यंतची प्रत्येक पायरी कागदावर दिसायला हवी.

माझ्या पाहण्यातल्या बहुतेक कच्च्या अहवालांत एकाच जागी दोष असतो. तक्रार, उत्तर आणि साक्षी पानेच्या पाने उतरवलेल्या असतात आणि शेवटी एकदम वाक्य येते: ‘वरील सर्व बाबींचा साकल्याने विचार करता आरोप सिद्ध होतात.’ विचार कोणता केला हेच त्यात नसते. वरच्या प्रकरणातील दुसऱ्या मुद्द्याचा निष्कर्ष पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

‘मुद्दा क्र. २: तक्रारदारांच्या म्हणण्यानुसार ही घटना १४ मार्च रोजी संध्याकाळी साडेसहा ते सात या वेळेत घडली. गैरअर्जदार यांनी त्या वेळी आपण कारखान्यात नव्हतो असे सांगितले. फाटकावरील नोंदवहीनुसार (परिशिष्ट ४) त्यांचे वाहन ७.१० वाजता बाहेर पडले. ही नोंद त्यांना दाखवली असता त्यांनी ती चुकीची असावी असे म्हटले, परंतु त्यासाठी कोणताही आधार दिला नाही. साक्षीदार क्र. ३ यांना तक्रारदारांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी तेच वर्णन सांगितले होते आणि साक्षीदाराला खोटे बोलण्याचे कोणतेही कारण समितीला दिसून आले नाही. तक्रारदारांनी प्रथम तारीख १३ मार्च अशी सांगितली होती आणि नंतर दुरुस्त केली, याची समितीने दखल घेतली आहे. परंतु संदेशाची तारीख आणि नोंदवही पाहता ही विसंगती महत्त्वाची वाटत नाही. या कारणांमुळे हा मुद्दा सिद्ध झाला असे समितीचे मत आहे.’

यात तक्रारदाराच्या विरोधात जाणारी तारखेची चूक लपवलेली नाही, तर तिला उत्तर दिले आहे. नोंदवही समोरच्या व्यक्तीला दाखवली होती, याचाही उल्लेख आहे. जो पुरावा संबंधिताला दाखवलेला नाही, तो निष्कर्षाला आधार म्हणून वापरू नये. अहवालात विशेषणे जितकी कमी तितके बरे. ‘निर्लज्ज’, ‘विकृत’ असे शब्द आले की समिती रागात होती, एवढेच वाचणाऱ्याला दिसते.

आणखी एक टप्पा अनेक समित्या विसरतात. दोन्ही पक्ष कर्मचारी असतील, तर निष्कर्षांची प्रत दोघांना देऊन त्यावर म्हणणे मांडण्याची संधी चौकशीदरम्यानच द्यायची, असे कायद्याच्या अकराव्या कलमात म्हटले आहे. त्या म्हणण्याचा विचार करूनच अहवाल पक्का करावा. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करायची आणि ती संपल्यापासून दहा दिवसांत अहवाल मालकाला द्यायचा असतो.

खोट्या तक्रारींचे काय?

हा प्रश्न पुरुष कर्मचाऱ्यांच्या मनात असतो आणि तो झटकून टाकू नये. जाणूनबुजून, द्वेषाने केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद कायद्यातच आहे. मात्र आरोप सिद्ध करता आला नाही म्हणजे तक्रार खोटी ठरली, असे होत नाही, हेही त्याच कलमात स्पष्ट आहे; दुष्ट हेतू चौकशी करून सिद्ध व्हावा लागतो. आपल्या उदाहरणातला पहिला मुद्दा सिद्ध झाला नाही, पण तो खोटा होता असे म्हणायला समितीकडे काहीच आधार नाही. निरपराध माणसाला खरे संरक्षण मिळते ते मुद्देनिहाय, कारणे देणाऱ्या अहवालातूनच, कारण त्याच्यावरचा आरोप का टिकला नाही हे तोच अहवाल सांगू शकतो.

आपसात मिटवता येत नाही का?

येते, पण पुढाकार तक्रारदाराचा असावा लागतो आणि पैशाची देवाणघेवाण हा समेटाचा पाया असू शकत नाही. समेटाच्या अटी लेखी नोंदवून दोघांना त्यांच्या प्रती द्यायच्या असतात. ‘विषय वाढवू नका, तुमच्याच नावाची चर्चा होईल’ असे सांगून साधलेला समेट हा समेट नाही. नावांबद्दलची भीती खरी असते, म्हणून गुप्तता कडक आहे: तक्रारदार, समोरची व्यक्ती आणि साक्षीदार यांची ओळख किंवा चौकशीतला तपशील जाहीर करता येत नाही आणि माहितीच्या अधिकारातूनही तो मिळत नाही. समितीच्या सदस्याने जेवणाच्या सुट्टीत टाकलेला एक शब्दही या नियमाचा भंग ठरतो.

छळ लैंगिक नसेल, भेदभाव असेल तर?

२०१३ चा कायदा महिलांच्या लैंगिक छळापुरता आहे. जात, अपंगत्व, लिंगओळख किंवा मातृत्व यांवरून होणाऱ्या भेदभावासाठी वेगवेगळे कायदे आणि वेगवेगळे अधिकारी आहेत. उदाहरणार्थ, तृतीयपंथी व्यक्तींच्या संरक्षणासाठी २०१९ साली केलेल्या कायद्यानुसार आस्थापनांनी तक्रार अधिकारी नेमायचा असतो. एकाच तक्रारीत लैंगिक शेरा आणि जातिवाचक शिवीगाळ दोन्ही असेल, तर समितीने आपल्या कक्षेतले तपासावे आणि उरलेले नोंद करून व्यवस्थापनाकडे पाठवावे. पोलिसांत जाण्याचा तक्रारदाराचा हक्क यातल्या कोणत्याही चौकशीमुळे कमी होत नाही.

तपासण्याची रीत तीच राहते, पुराव्याचे स्वरूप मात्र बदलते. प्रसूती रजेवरून परतलेल्या महिलेला बढती नाकारली, तर ‘तसा कोणाचा हेतू होता का’ हे विचारून हाती काही लागत नाही. त्या वर्षी बढतीसाठी विचारात घेतलेल्या सर्वांची यादी, प्रत्येकाचे गुण, निकष कधी ठरले आणि मध्येच बदलले का, हे मागवावे लागते. सारख्या कामगिरीच्या दोघांना वेगळी वागणूक मिळालेली दिसली, तर त्या फरकाचे कारण देण्याची जबाबदारी व्यवस्थापनावर येते आणि ते कारण त्या वेळच्या कागदांत आहे की तक्रारीनंतर सुचलेले आहे, एवढे तपासले तरी बरेच कळते.

अहवाल दिल्यानंतर

मालकाने शिफारशींवर साठ दिवसांत कारवाई करायची असते. समज, लेखी माफी, वेतनवाढ किंवा बढती रोखणे, नुकसानभरपाई, समुपदेशन ते बडतर्फी इथपर्यंतचे पर्याय नियमांत आहेत आणि समितीने त्यांपैकी हाच पर्याय का सुचवला, याचे एक-दोन ओळींचे कारण अहवालात असावे. कोणत्याही पक्षाला नव्वद दिवसांत अपील करता येते. म्हणून तक्रारीची मूळ प्रत, पोच घेतलेल्या नोटिसा, दर बैठकीचे सही केलेले इतिवृत्त, जबाब, नाकारलेले प्रश्न, मुदतवाढीचे अर्ज आणि त्यांवर दिलेली कारणांसहित उत्तरे, हे सगळे पृष्ठ क्रमांक घालून एका बंद फाइलमध्ये ठेवावे आणि ती फाइल कोणाच्या ताब्यात आहे, हे अध्यक्ष बदलताना लेखी हस्तांतरित करावे.